तात्या गावडे आणि सकाळची पहिली होडी

प्रिय सई आणि नील,

परवा फोनवर सई म्हणाली की तिच्या शाळेत तीन दिवसांचं लीडरशिपचं शिबिर झालं आणि तिला प्रमाणपत्र मिळालं. तिचं अभिनंदन. मागून नील ओरडला, "आजी, तू कधी लीडर होतीस का?" तुमची झोपायची वेळ झाली होती, म्हणून मी "नाही रे" एवढंच म्हणाले. खरं उत्तर जरा लांब आहे. मी लीडर नव्हते, पण लीडर कसं व्हावं हे मी तीन वर्षं पगार घेऊन लोकांना शिकवत होते. आणि ज्यांना ते खरोखर शिकवता येत होतं, ते माझ्याच ऑफिसात शिपाई होते. विश्राम गावडे त्यांचं नाव. सगळे त्यांना तात्या म्हणत.

क्रमाने सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमचे बाबा शाळेत होते आणि आम्ही बोरिवलीला राहत होतो. घरापासून दहा मिनिटांवर एक संस्था होती. मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणं हे तिचं काम, आणि मी तिथे नोकरीला होते. एके वर्षी संस्थेकडे नवा प्रकल्प आला : ग्रामीण भागातल्या तरुणांमध्ये आणि प्रौढांमध्ये नेतृत्वगुण वाढवणे. त्याचं बुकलेट इंग्रजीत होतं. मला इंग्रजी बरं येत होतं, म्हणून प्रकल्प माझ्या टेबलावर आला. ग्रामीण भाग शोधायला लांब जावं लागलं नाही. मालाडहून बसने मार्वेला जायचं, होडीने खाडी ओलांडायची, की पलीकडे मनोरी. तिथे एका कडेला कोळ्यांचा एक पाडा होता. पत्ता मुंबईचा, पण नळ नाही, दवाखाना नाही, आणि खाडी ओलांडल्याशिवाय बाजार नाही. दर शनिवारी दुपारी मी तिथे जायचे, आणि सतरंज्या, खडू आणि फळा पुसायचं फडकं घेऊन तात्या माझ्याबरोबर यायचे.

तात्या मूळचे मालवणकडचे. पंचवीस वर्षं गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. गिरणी बंद पडली आणि कुणाच्या तरी ओळखीने ते आमच्याकडे आले. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, बाह्या बरोबर दोन घड्या दुमडलेल्या. त्यांचा आवाज मात्र अख्ख्या ऑफिसचा होता. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. एकदा आमच्या हेडक्लार्कच्या केसांच्या टोपाबद्दल त्यांनी मला खासगीत काहीतरी सांगितलं आणि ते खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही कळलं.

"तात्या, हळू बोला हो," मी म्हणाले.

"हळूच सांगलंय," तात्या त्याच आवाजात म्हणाले.

पहिल्या शनिवारी पाड्यातल्या शाळेच्या खोलीत मी फळ्यावर 'नेत्याचे सात गुण' लिहिले. बुकलेटातलेच होते. पुरुष पुढे बसले होते, बायका मागे भिंतीला टेकून. मी विचारलं, "नेता म्हणजे कोण?" कुणी बोलेना. मग जयवंत नावाचा एक तरुण उभा राहिला. कॉलेजात एक वर्ष काढून परत आलेला.

"अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो," त्याने सुरुवात केली. अध्यक्ष नव्हते, व्यासपीठही नव्हतं. पण तो दहा मिनिटं छान बोलला. मागून धुरपदाबाई म्हणाल्या, "झाला काय रं? मना कोंबऱ्या झाकाच्या हाईत." धुरपदाबाई पाड्यातल्या सगळ्यांत वयस्कर मासे विकणाऱ्या. त्या उठल्या तशा बाकीच्याही उठल्या.

परतीच्या होडीत मी समाधानात होते. माझ्या वहीत हजेरी चांगली भरली होती. तात्यांनी विचारलं, "बाई, आज बोललो कोण?"

"जयवंत बोलला की. छान बोलला."

"तो बोललो आणि तुम्ही बोललात. आणखी एक जण बोलला, ता तुमका ऐकू इला नाय. भितीकडची हिरव्या लुगड्याची. तुम्ही विचारलात ना, गावात पहिलो बदल काय होयो? तिने सांगलान, होडी. तीन वेळा सांगलान."

"मी तर ऐकलं नाही."

"आवाज खय होतो? ओठ हलत होते."

त्या दिवशी मला कळलं की मागांच्या खात्यात माणसं कानाने ऐकत नाहीत, ओठांवरून वाचतात. तिथे ओरडूनही शेजारच्याला ऐकू जात नाही. तात्यांना ती सवय जडली होती. मी फळ्याकडे तोंड करून सात गुण लिहीत होते, तेव्हा ते दाराशी बसून माणसांचे ओठ वाचत होते.

हिरव्या लुगड्याची होती यमुना. वय बावीस-तेवीस. नवऱ्याचा पाय होडी ओढताना होडीखालीच सापडला होता, तो आता दारात बसून जाळी विणायचा. घर यमुनेच्या माशांच्या पाटीवर चालायचं. पुढच्या शनिवारी मी तिला मुद्दाम प्रश्न विचारला, तर ती धुरपदाबाईंच्या पाठीमागे सरकली. होडीचं काय ते आम्हाला धुरपदाबाईंनीच सांगितलं.

फेरीच्या होडीचा ठेकेदार बदलला होता. आधी पहिली होडी पहाटे साडेपाचला सुटायची. मासे घेऊन बायका त्या होडीने मार्वेला उतरायच्या आणि सातच्या आत मालाडच्या बाजारात बसायच्या. नव्या ठेकेदाराने पहिली फेरी सातची केली, कारण त्या आधी बायकांशिवाय उतारू नसत. आता बाजारात पोचायला साडेआठ वाजत. तोवर ओट्यांवर दुसऱ्या गावच्या बायका बसलेल्या असत आणि ऑफिसला जाणारी गिऱ्हाइकं मासे घेऊन गेलेली असत. मग गटाराजवळ बसायचं आणि मऊ पडलेली मांदेली मिळेल त्या भावाला द्यायची. दोन बायकांनी पाटी टाकून मालाडच्या बिल्डिंगांत भांडी घासायला सुरुवातही केली होती.

"पुढली ही," यमुनेकडे बोट दाखवून धुरपदाबाई म्हणाल्या. यमुना खाली बघत होती.

तात्यांच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदाच गिरणीच्या गेटवर भांडणारा माणूस पाहिला. सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटेच ठेकेदाराच्या मालाडच्या ऑफिसात गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. त्यांचा आवाज लक्षात घेता सगळ्या मालाडला माहीत असावं. गुरुवारपासून पहिली होडी पुन्हा साडेपाचला सुटू लागली. शनिवारी आम्ही गेलो तर बायकांनी तात्यांना नारळ दिला, सुके बोंबील दिले, जयवंतने त्यांच्यावर भाषण केलं. मी अहवालात लिहिलं : 'प्रकल्पाचे पहिले यश.'

मग मे महिना आला. घराचं छप्पर शाकारायला तात्या तीन आठवडे गावी गेले आणि त्याच महिन्यात मीही रजेवर होते. जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा होडी परत सातची झाली होती. तात्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशीच झाली होती.

"मग तुम्ही कुणीच जाऊन विचारला नाय?" तात्या म्हणाले.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी एकीने अगदी सरळपणे उत्तर दिलं, "तुमी नव्हता ना, तात्या."

परत येताना धक्क्यावर होडीची वाट पाहत बसलो, तेव्हा मी म्हणाले, "परत एकदा जाऊन या ना ठेकेदाराकडे." तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

"बाई, गिरणीत आमच्या खात्याचो पुढारी मी. काय बोलाचा असला की लोक म्हणत, तात्याक बोलवा. माका बरा वाटायचा. खोटा कशाक सांगू? छाती फुगायची. मग एकदा टायफॉइडान महिनाभर पडलंय. त्या महिन्यात मॅनेजरान एका माणसाकडे दोनाचे चार माग दिले. परत इलंय तर सगळे खाली मान घालून चार-चार माग चालवतायत. मी विचारलंय, अरे, कुणी बोललास कसे नाय? काय म्हणाले सांगू? हेच. शब्दाक शब्द हेच. त्यांची चूक नव्हती ती. पंचवीस वर्षा मी कुणाक बोलाकच दिलंय नाय."

तीच चूक तात्यांनी पुन्हा केली होती, आणि मी तिला यश म्हणून अहवालात लिहिलं होतं.

त्यानंतर तात्या माझ्याआधीच्या होडीने पाड्यात जाऊ लागले. शाळेत सतरंज्या टाकून गायब व्हायचे. एका शनिवारी चार वाजले तरी शाळेत कुणी नाही, म्हणून मी शोधायला निघाले, तर ते विहिरीजवळच्या एका उपड्या होडीवर बसलेले सापडले. तोंडावर बोट ठेवून त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली.

पाड्याला गोड्या पाण्याची ही एकच विहीर. बाजारातून परतल्या की बायका इथे जमायच्या. घरांची पाळी ठरलेली होती. जिची पाळी ती दोर हातात घेऊन आपले हंडे भरायची. पण तिचं काम तेवढंच नसे. दोर हातात असेपर्यंत विहिरीवर तिचा शब्द चालायचा. मध्ये कुणी घुसलं, कुणाकडे बाळंतीण आहे म्हणून दोन कळश्या जास्त हव्यात, कुणी धुणं काठाजवळ आणलं, सगळं तिने त्याच वेळी निकालात काढायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आपले हंडे भरले की ती पुढच्या घराचं नाव मोठ्याने पुकारायची, दोर तिच्या हातात द्यायची आणि पुन्हा चारचौघींसारखी होऊन हंडे डोक्यावर घेऊन चालू लागायची. ही रीत किती जुनी आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आम्ही बसलो होतो तेव्हा दोर यमुनेच्या हातात होता. धुरपदाबाई तिसरी कळशी पुढे सरकवत होत्या.

"मावशे, दोन झाल्या तुज्या," यमुना म्हणाली. खणखणीत आवाज.

"अगो, सून न्हायाची हाय."

"तुजी सून काल पन न्हाली. रोज न्हाते, मासली हाय काय ती? उचल कलशी."

सगळ्या हसल्या. धुरपदाबाईही हसल्या आणि त्यांनी कळशी उचलली. मी तात्यांकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या मानाने हे खरोखरच हळू होतं, "आपण ह्यांका काय शिकवूक इलंव?"

पुढच्या शनिवारपासून सभा विहिरीवर भरू लागली. फळा शाळेतच राहिला. नियम बायकांचाच : पाणी भरता भरता बोलायचं, आणि जिच्या हातात दोर ती सभा चालवणार. पुरुषांनाही यायचं असेल तर पाणी भरायचं. पहिल्या सभेला जयवंतने नाक मुरडलं. दुसऱ्या सभेला त्याने दोर हातात घेऊन "अध्यक्ष महाशय" अशी सुरुवात केली, तेव्हा यमुना म्हणाली, "जयवंत, आदी हंडा भर, मंग भाषन." हंडा भरता भरता लांब वाक्यं बोलता येत नाहीत. महिन्याभरात त्याचं बोलणं निम्म्यावर आलं आणि दुपटीने कळू लागलं.

तात्यांची मात्र अडचण होती. कुणी अडखळलं की त्यांची जीभ शिवशिवायची. ते निम्मं वाक्य बोलून टाकायचे आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळायच्या. यावर त्यांनी उपाय काढला. सभा सुरू झाली की ते रोठ्या सुपारीचं एक भलंमोठं खांड तोंडात टाकायचे आणि ते चघळून संपेपर्यंत बोलायचं नाही असं त्यांचं स्वतःशीच ठरलेलं होतं. ते खांड दीड तास टिकायचं. कुणी "तात्या, तुमी सांगा" म्हटलं की ते फुगलेल्या गालाकडे बोट दाखवायचे. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी इतकं कठीण काम दुसरं केलं नसेल. एकदा एका पोरीने ठेकेदाराचं नाव चुकीचं सांगितलं, तेव्हा त्यांना ठसका लागून पाणी पाजावं लागलं.

सुपारी नसे ती फक्त 'साहेब' खेळताना. ही त्यांचीच कल्पना. माझा चष्मा नाकावर घालून ते उपड्या होडीवर बसायचे आणि ठेकेदाराचा माणूस व्हायचे. बायकांनी येऊन मागणी मांडायची.

"काय पाहिजे?" तात्यासाहेब कागदातून डोकं वर न काढता विचारायचे.

"साहेब, ती होडी..." एखादी म्हणायची.

"मोठे साहेब जेवायला गेले. उद्या या."

की ती परत फिरायची आणि सगळ्या हसायच्या. पुढची जरा धीर करायची, तर साहेब म्हणायचे, "अर्ज कुठाय?" अर्ज दाखवला तर "सही अंगठ्याची आहे, चालणार नाय." धुरपदाबाईंनी एकदा साहेबांना अशी शिवी दिली की मी ती तुम्हाला लिहून पाठवणार नाही. तात्यांनी चष्मा काढला आणि गंभीरपणे म्हणाले, "मावशी, शिवी बरी होती. पण साहेबाक आता होडीवर बोलाची गरज रवली नाय. तो आता शिवीवरच बोलात."

यमुना हा खेळ लांबून पाहायची. विहिरीवर वाघ असलेली ही मुलगी साहेबाचं नाव काढलं की पुन्हा मागे सरकायची. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. आणखी एकीने पाटी टाकली. मग एका शनिवारी ती अचानक पुढे आली आणि म्हणाली, "मी जाताव साहेबासमोर." तात्यांनी चष्मा चढवला.

"काय पाहिजे?"

"होडी पायजे साडेपाचला."

"तेव्हा उतारू नसतात. रिकामी होडी कशी सोडू?"

"आमी उतारू नाय काय?"

"तुम्ही दहा-बारा बायका."

"दहा बाया आनि दहा पाट्या. पाटी जागा खाते ना मानसाची? मंग ती मानूस धरा."

तात्यांनी चष्मा काढला. हे उत्तर त्यांनी शिकवलं नव्हतं आणि त्यांना सुचलंही नव्हतं. ते होडीवरून उतरून विहिरीच्या मागे गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. उन्हाने डोळे चुरचुरतात म्हणाले. आभाळ भरलेलं होतं.

दिवाळीनंतर पाड्यातली सहा जणं ठेकेदाराकडे गेली : यमुना, धुरपदाबाई, आणखी तिघी आणि जयवंत. आम्ही दोघं मालाडपर्यंत बरोबर गेलो. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याशी तात्या थांबले.

"आम्ही खालीच थांबतंव," ते म्हणाले.

यमुनेचा चेहरा उतरला. "तात्या, वर तरी या. बोलू नका. बसा निस्ते."

"नाय बाये. मी दिसलंय तर साहेब माझ्याशीच बोलात. आणि तूही माझ्याकडेच बघशील."

मी म्हणाले, "मी जाऊ का बरोबर? कागद इंग्रजीत असले तर?"

"बाई, तुम्हीही नाय," ते म्हणाले. "तुमचा इंग्रजी ऐकलान तर साहेब खुर्ची देयत आणि ह्या उभ्याच रवतील."

मला ते लागलं, हे कबूल करते. पण मी थांबले. समोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. तात्यांनी चहा मागवला आणि प्यायला नाही. वरची खिडकी उघडी होती, रस्त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ओठ वाचावेत तर खिडकीत फक्त जयवंतची पाठ दिसत होती. वीस मिनिटं झाली. एकदा ते उठले, जिन्यापर्यंत गेले, तिथल्या पाटीवरचं नाव वाचल्यासारखं केलं आणि परत येऊन बसले.

"आज जमला नाय तर यमुना भांडी घासूक जाताली," ते म्हणाले. "मी वर गेलंय असतंय तर जमला असता. ह्या माका ठाऊक असा."

"मग जा," मी म्हणाले.

"आणि मग मी मेल्यावर?"

पाऊण तासाने त्या खाली आल्या. काय झालं ते सगळ्या एकदम सांगू लागल्या, म्हणून थोडा वेळ काहीच कळलं नाही. मग यमुनेने हात वर केला आणि सगळ्या गप्प बसल्या. पाटीला माणूस धरायला साहेब तयार झाला होता. होडी पावणेसहाला सुटणार, आधी एक महिना. पण अट होती : रोज होडी भरली पाहिजे आणि वेळेवर सुटली पाहिजे. कुणासाठी थांबायचं नाही, कुणी भांडायचं नाही. एक दिवस जरी गडबड झाली तरी फेरी बंद. जयवंतने हे सगळं तिथेच लिहून काढलं होतं आणि साहेबाची सही घेतली होती. भाषण केलं नव्हतं.

"आनि पहिल्या होडीचा नेम आमी करणार," यमुना म्हणाली. "मी सांगितला त्याला. होडी आमी भरतोव, तर नेम पन आमचा. पहिल्या होडीत निस्त्या पाट्यावाल्या. सायकली नाय, पावने नाय. येका बाजूला पाटी, येका बाजूला बाई."

"साहेब काय म्हणालो?" तात्यांनी विचारलं.

"साहेब बोलला, तुला नोकरीला ठेवतो, येतेस काय?" आणि ती पहिल्यांदाच आमच्यासमोर मोठ्याने हसली.

एक महिन्याचे सहा झाले, वर्ष झालं. विहिरीवरची सभा चालूच राहिली. होडीची देखरेखही पाळीनेच ठरली : दर आठवड्याला एक जण धक्क्यावर उभी राहणार आणि त्या आठवड्यात होडीबाबत तिचा शब्द चालणार. हळूहळू आमचं तिथे काम राहिलं नाही. शनिवारी गेलो तर चहा मिळायचा, बोंबील मिळायचे, आणि सभा आमच्याकडे न बघता चालायची. मग प्रकल्पाची मुदत संपली. तात्यांनीही नोकरी सोडायचं ठरवलं. गावी छप्पर होतं, थोडी जमीन होती, बायको वाट पाहत होती.

शेवटच्या शनिवारी पाड्याने आम्हा दोघांना मुक्कामाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तात्यांची गावची एसटी सकाळी नऊला बोरिवलीहून होती. तिकीट काढलेलं. ट्रंक बोरिवलीला शेजाऱ्यांकडे ठेवली होती. ती घेऊन गाडी गाठायची, तर पहिल्या होडीनेच निघायला हवं होतं. पहाटे ते प्रवासाचा नवा शर्ट घालून, केस चापून चोपून, माझ्याबरोबर धक्क्यावर आले. तो आठवडा यमुनेच्या पाळीचा होता. पदर खोचून ती पाट्या लावून घेत होती. आम्ही होडीत चढलो.

"तात्या," ती म्हणाली. तिने हातातली पाटी लावली. "तात्या, ही होडी पाट्यांची हाय."

"ठाऊक असा गो. पण माझी एसटी चुकात."

तिने होडीकडे बघितलं. दोन पाट्या अजून धक्क्यावर होत्या. बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. धुरपदाबाई म्हणाल्या, "अगो, घे ना त्यांना. तात्या हाईत ते."

"मावशे, आज तात्यांना घेतला तर उद्या तुजा जावई येल," यमुना म्हणाली. "तात्या, बाई, उतरा. सातच्या होडीने या."

मला राग आला. ज्या माणसामुळे ही होडी सुटत होती त्यालाच खाली उतरवायचं? मी काहीतरी बोलणार होते. पण तात्या उठलेही होते. धक्क्यावर पाय ठेवून त्यांनी मला हात दिला. मग वाकून त्या दोन पाट्यांतली एक उचलली आणि होडीत यमुनेच्या हातात दिली. दुसरी जड होती. ती त्यांनी छातीशी धरून उचलली, आणि कोळंबीचं बर्फाचं पाणी नव्या शर्टावरून पार पायजम्यापर्यंत ओघळलं. होडी पावणेसहाला सुटली.

पुढे सव्वा तास आम्ही धक्क्यावर बसून होतो. मध्येच तात्या म्हणाले, "काय आवाज झालो गो तिचो," आणि मान हलवत राहिले.

एसटी चुकली. दुपारची मिळाली. ट्रंक घेऊन मी त्यांना पोचवायला गेले. गाडी चाकरमान्यांनी खच्चून भरलेली, माणसं दारात लोंबकळत होती. तात्यांना मात्र तीन माणसांचं अख्खं बाकडं मिळालं होतं. कोळंबीचा वास मारणारा तो शर्ट त्यांनी बदललाच नव्हता. शेजारी जो बसायचा तो नाकाला रुमाल लावून उठायचा आणि उभा राहायचा. गाडी निघाली तेव्हा ते खिडकीशी ऐसपैस बसले होते, एक पाय बाकड्यावर घेऊन, आणि पुढच्या बाकावरच्या कुणा अनोळखी गृहस्थाला, साऱ्या डेपोला ऐकू जाईल अशा आवाजात, सकाळी आपल्याला होडीतून कसं उतरवलं ते सांगत होते.

तुमची,
आजी